गाडीत कोण बसणार?

टिपणीस सरांच्या बुशशर्टाचा खिसा स्वच्छ असलेला मी कधी पाहिला नाही. पांढरे, गुलाबी, पिवळे, निळे खडूंचे तुकडे त्या एकाच खिशात कोंबलेले असत आणि घामाने त्यांचा मिळून जो काही रंग होई, तो छातीवर मिरवत हा माणूस पनवेलभर हिंडत असे. आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या. नव्या पनवेलला बिल्डिंगही एकच, ते तळमजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. त्यामुळे त्यांना विसरायचं म्हटलं तरी माझी सोय नव्हती.

हल्ली इथे पुण्यात शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावरून उंच केलेल्या जीपगाड्या जातात. मोठी चाकं, वर दिव्यांची रांग, आत गाणी. डोंगरातल्या चिखलात घालायला नेतात म्हणे. त्या बघितल्या की मला सर आठवतात आणि मग तो दिवस धड जात नाही.

सर स्वभावाने अतिशय सावकाश. ‘आधी बघून घेऊ’ हे त्यांचं पालुपद. वर्गात टेबलावर एक वांगं ठेवायचे आणि मुलांना सांगायचे, आज कोणी पेन्सिल हातात घ्यायची नाही, आज फक्त बघायचं. वांगं दुसऱ्या दिवशी काढायचं. तोवर ते सुकलेलं असे, पण सरांना त्याचं काही वाटत नसे. चहा आला तरी आधी कपाकडे बघत. मी चिडून म्हणायची, ‘सर, प्या हो, तो पळून जात नाहीये.’ त्यावर ते अपराध्यासारखे हसत आणि तो कोमट चहा एका घोटात संपवत.

अशा माणसाला कुमुदवहिनींसारखी बायको मिळाली हे एक नवलच. वहिनी म्हणजे नुसती लगबग. बोलणं चटचट, चालणं चटचट, आणि जीभ अशी की भाजीवालासुद्धा त्यांच्याशी दोनदा विचार करून बोले. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख असेलच, पण ते त्यांनी कधी कोणाला दाखवलं नाही. त्यांच्या हातचं दही आमच्या बिल्डिंगमध्ये नावाजलेलं होतं. मातीच्या गाडग्यात विरजायच्या, तोंडाला पांढरं फडकं, म्हणजे दादरा बांधायच्या, आणि सकाळी ते दही सुरीने कापावं असं लागलेलं असे. कढी मात्र त्यांना मुळीच आवडायची नाही. ‘चांगलं दही कोणी कढीत घालतं का?’ असं म्हणायच्या. ‘मोडलं, पाणी सुटलं, तर घालावं बिचारं कढीत.’

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वहिनींची पाठ दुखायला लागली. आधी बाम, मग मालीश, मग इथला डॉक्टर, आणि शेवटी मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तिथून दोघं परत आली तेव्हा मी खाली गेले, तर वहिनी आडव्या पडूनच मला म्हणाल्या, ‘मालतीताई, आता मी काचेचं सामान झाले.’ आजार हाडांत शिरला होता. मणका आतून पोखरत चालला होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की एकही जोराचा धक्का बसता कामा नये. बरं होण्याविषयी ते काहीच बोलले नव्हते.

वहिनींचं माहेर नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. भाऊ तिथे शेती बघायचा. आई ऐंशीच्या पुढची, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेला खिळलेली, तिला हलवणं शक्यच नव्हतं. एसटी नेऱ्यापर्यंत जायची. त्यापुढे कच्ची वाट, मग गाढी नदीचं दगडधोंड्यांनी भरलेलं पात्र आणि नदीपलीकडे नुसता चढ. धडधाकट माणूस चालत जाई. वहिनींना आईला एकदा भेटायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं. पण आई खाली येऊ शकत नव्हती, मुलगी वर जाऊ शकत नव्हती, आणि मधे ती वाट.

भाऊ म्हणाला, डोली करू, वाडीतले चार जण उचलून आणतील. वहिनींनी साफ नाही म्हटलं.

‘चार जणांच्या खांद्यावरून मी माहेरी जाणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आईने मला तशी येताना बघायचं? जाईन तर बसून जाईन, नाहीतर निदान आपल्या गाडीतून.’

घरात गाडी म्हणजे एक जुनी स्कूटर होती. पुढच्या आठवड्यात मात्र स्कूटर दिसेनाशी झाली आणि बिल्डिंगखाली सरकारी लिलावातून आणलेली एक म्हातारी जीप येऊन उभी राहिली. चित्रकलेचा मास्तर आणि जीप! शाळेत हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसले. मग खाली गेले तेव्हा वहिनी खिडकीतून तिच्याकडे बघत पडल्या होत्या. म्हणाल्या, ‘नवऱ्याने पहिल्यांदाच काहीतरी न बघता घेतलं हो.’ आणि रडल्या.

ती जीप होती तशी नदीतून जाईना. पोट दगडाला टेकायचं. तेव्हा ती उंच करणं आलं. पळस्पे फाट्याला बाळाराम भोईर नावाच्या आगरी मेकॅनिकचं गॅरेज होतं. न्हावा शेव्याचे कंटेनर वाहणारे ट्रेलर हे त्याचं रोजचं गिऱ्हाईक. त्याने चाकांवरचे पाटे वाढवले. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांची चळत, तिच्यावर गाडीचा भार पेलतो. जीप चार-पाच बोटं वर उचलली गेली, सर खूश झाले, आणि पहिल्याच मोठ्या दगडावर पुढचा शॉकअप आपल्या कडीतून उखडून खाली लोंबायला लागला.

‘गारी उंच केली तुमी सर,’ बाळाराम म्हणाला, ‘पन शॉकप तेच जुने हायत. चाक खड्ड्यात लोंबलं का त्याला हात पुरत नाय. मंग तुटनार नाय तं काय?’

शॉकअप हा शब्द तोवर मी ऐकलाही नव्हता. नंतर इतका ऐकला की विचारू नका. पाटा भार पेलतो, पण दणका बसल्यावर तो नाचत राहतो. त्याला शांत करायला शेजारी तेलाने भरलेली एक नळी असते, ती शॉकअप. गाडी उंच केली की ती आखूड पडते आणि खेचली जाऊन तुटते. फार लांब घेतली तर चाक वर येतं तेव्हा ती पुरती दबून खालूनच ठोसा देते. हे सगळं सरांनी आठवी ‘ब’ला फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलं. मुलं वह्यांत शॉकअप रेखाटतायत आणि दारात मुख्याध्यापक उभे.

‘टिपणीस, हे काय?’

‘वस्तुचित्र, सर.’

‘ही वस्तू परीक्षेला येणार आहे का?’

‘येणार आहे,’ सर म्हणाले. ‘माझ्या.’

मुख्याध्यापक माणूस कडक होता, पण घरची परिस्थिती सगळ्यांना माहीत होती. ते तसेच निघून गेले.

आता धक्का बसतो की नाही हे कळायचं कसं? वहिनींना बसवून बघायची तर सोयच नव्हती. सरांनी आधी पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून बघितलं. ते डांबरी रस्त्यावरसुद्धा हिंदकळे. तेव्हा वहिनी पडल्या पडल्या म्हणाल्या, ‘अहो, पाणी कशानेही हलतं. दही ठेवा. दही हलण्याने बिघडत नाही, दणक्याने मोडतं.’

तेव्हापासून रोज रात्री गाडगं विरजायचं. वहिनी सांगत, सर विरजत. सकाळी शाळेआधी ते जीपच्या मागच्या भागात, वहिनींना जिथे झोपवून न्यायचं तिथे, गादीवर ठेवून सर कुठल्यातरी खडबडीत रस्त्याला जात आणि परत येऊन दादरा सोडून बघत. दही रोज मोडलेलं असे. मग त्याची कढी होई आणि डब्यात भरून शाळेत येई. स्टाफरूममध्ये आम्ही सर आत शिरायच्या आधीच त्यांचा डबा ओळखायला लागलो. ‘काय सर, आज दही की कढी?’ असं मोकल सर, आमचे पी.टी.चे शिक्षक, मोठ्याने विचारत. उत्तर कायम कढीच असे. त्या हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनी इतकी कढी प्यायली की माझं वजन त्याच काळात वाढलं आणि पुन्हा कधी उतरलं नाही.

मग बाळारामने उपाय काढला. ट्रेलरला सवयीचा हात त्याचा, त्याने आणखी पाटे चढवले आणि ट्रकच्या जातीचे जाडजूड शॉकअप बसवले. ‘आता हत्ती बसवा सर, काय होनार नाय.’ सरांच्या मनात आलं की रिकाम्या गाडीत बघून उपयोग नाही, माणसं बसलेली पाहिजेत. म्हणून आख्खा स्टाफ जीपमध्ये कोंबून ते आम्हाला कर्नाळ्याच्या बाजूला घेऊन गेले. मोकल सर पुढे, मागे आम्ही एकमेकांच्या मांडीवर, आणि गाडगं माझ्याकडे. शेतातून, बांधावरून, ओढ्यातून गाडी घातली. परत आल्यावर दादरा सोडला. दही जसंच्या तसं! चमचा उभा राहील असं. मोकल सरांनी टाळ्या वाजवल्या. टिपणीस सर ते गाडगं दोन्ही हातांत धरून बघत राहिले, तो वांगं बघायचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वहिनींना जीपमध्ये झोपवलं. लांब नाही, जवळच विचुंब्यापर्यंत, तिथे नव्या इमारतींसाठी रस्ता खणून ठेवला होता. मी गॅलरीतून हात केला. वहिनींनीही केला, साडी बदलली होती, गजरा घातला होता.

अर्ध्या तासाने जीप परत आली ती माणूस चालतो त्याहून हळू. सायकलवाले पुढे जात होते. मी धावत खाली गेले. वहिनींचे ओठ फुटून रक्त आलं होतं, दातांखाली दाबून धरले होते त्यांनी. डोळे मिटलेले. शुद्ध मधेच गेली होती. शेजारच्यांनी गादीसकट त्यांना उचलून आत नेलं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. नशीब, हाड मोडलं नव्हतं.

सर जीपमध्येच बसून राहिले, स्टीअरिंगवर हात ठेवून. दुपार झाली, उन्हं उतरली तरी ते आत जाईनात. शेवटी वहिनींनी मला हाक मारली. आवाज अगदी बारीक झाला होता.

‘मालतीताई, मला उठता येत नाही आणि ते आत येत नाहीत. त्या गाडग्यातलं दही घ्या, कढी करा, आणि त्यांना सांगा कढी झालीय, जेवायला या.’

मी कढी केली. गाडीपाशी जाऊन तसं सांगितलं. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बाई, मी मोकल सरांसाठी गाडी बनवली. आठ मास्तरांच्या ओझ्याला ते पाटे नि ते शॉकअप बरोबर होते. कुमुदचं वजन आता राहिलंय किती? तिच्याखाली ते हललेसुद्धा नाहीत. सगळा दणका तिने घेतला.’ आणि मग, ‘मी सगळं बघितलं आणि गाडीत कोण बसणार तेवढं बघितलं नाही.’

इतका सावकाश माणूस, पण ती एकच गोष्ट त्यांनी घाईने केली होती आणि ती त्यांना आतून खात होती. मी नुसतं ‘चला’ म्हटलं. ते आले. वहिनींच्या खाटेजवळ बसून दोघांनी कढी-भात खाल्ला. वहिनींना कढी आवडत नव्हती, तरी त्यांनी वाटी पुन्हा भरून घेतली.

त्यानंतर सरांनी सगळं पहिल्यापासून केलं. बाळारामने जाड पाटे काढले आणि उंची राहावी म्हणून जास्त वाकवलेले पातळ पाटे घातले. कुरकुरला खूप. ‘सर, गारी डुलेल, मंग मला बोलू नका.’ ‘डुलू दे,’ सर म्हणाले. सरांनी सुतळीचा एक तुकडा घेतला. चाक पुरतं लोंबतं तेव्हाच्या लांबीला एक गाठ मारली, चाक वर दबतं तेव्हाच्या लांबीला दुसरी. शॉकअप या दोन गाठींत बसला पाहिजे. ती सुतळी खडूंबरोबर खिशात ठेवून ते पनवेल, कळंबोली, जिथे जिथे जुनं सामान मिळे तिथे हिंडले.

कुर्ल्याला माझी बहीण राहायची. एकदा मीही त्यांच्याबरोबर तिकडे गेले तेव्हा त्यांची खरेदी पाहिली. गाड्यांच्या जुन्या सामानाची गल्ली, जिकडेतिकडे ऑईल, आणि सर एकेक शॉकअप जमिनीवर उभा धरून डोळे मिटून दाबतायत, पुन्हा ओढतायत. ‘दाबताना हलका पाहिजे बाई, म्हणजे दगड आला की चाकाला वर जाऊ देईल. ओढताना जड पाहिजे, म्हणजे चाक आपटत खाली येणार नाही.’ दाबायचे, ओढायचे, बाजूला ठेवायचे. दुकानदार वैतागला. ‘मास्टरजी, शादी के लिए लडकी देख रहे हो क्या?’ सर म्हणाले, ‘लडकी बैठनेवाली है.’ तो बिचारा काय समजला कोण जाणे, पण त्याने आतून आणखी माल काढून दिला. त्यातून चार निघाले. पुढची जोडी एका गाडीची, मागची भलत्याच गाडीची. बाळारामने त्यांच्यासाठी नवे कान, म्हणजे ते अडकवायच्या कड्या, वेल्ड करून दिले.

पण या सगळ्यात दिवस जात होते. वहिनी खाटेत दिसेनाशा होत चालल्या होत्या. माहेरून निरोप आला की आईने खाणं सोडलंय. वहिनी सरांना म्हणाल्या, ‘अहो, तुमच्या शॉकअपसाठी मी थांबते. पण आईचं काही सांगता येत नाही.’

रोजच्या दह्याने हळूहळू धीर धरला. एकदा कडेला थोडं पाणी, एकदा नुसती भेग. मग एका सकाळी सर स्टाफरूममध्ये आले, डबा उघडला, आणि आत घट्ट दही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत या वेळी. मोकल सर उठून बाहेर गेले.

जायचं ठरलं. आदल्या दिवशी सर संपूर्ण वाट एकटे चालून आले. डाव्या चाकाने जिथून जायचं त्या दगडांवर पिवळ्या खडूची खूण, उजव्या चाकाची गुलाबी. नदीच्या पात्रातसुद्धा, पाण्याबाहेरच्या प्रत्येक दगडावर. वाडीतल्या पोरांना वाटलं रस्ता होणार, म्हणून ती सरांच्या मागून नाचत फिरली.

सकाळी निघालो. सर गाडी चालवत होते, शेजारी बाळाराम. मागे दोन बाकांच्या मधे गाद्या घालून वहिनी, कारण ताठ बसणं त्यांना आता जमत नव्हतं. त्यांच्या पायांकडे तांदळाची पोती, आणि बाकावर मी. पोती आणि मी दोघंही गाडीला हवं तेवढं वजन यावं म्हणून नेली होती, हे मी इथे मोकळेपणाने सांगते. आयुष्यात माझं वजन एवढं एकदाच कोणाच्या उपयोगी पडलं. गाडगं वहिनींनी हट्टाने आपल्या कुशीत घेतलं होतं.

नेऱ्यापुढची वाट छान गेली. जीप डुलत होती, बोटीसारखी, पण दणका नाही. खालून बारीक खडखड ऐकू येई, अंगाला काही लागत नसे. वहिनी छताकडे बघत होत्या. ‘कुठे आलो?’ विचारत, आणि मी बाहेर बघून सांगे, पळसाचं झाड, मोरी, कोणाचंतरी खळं. त्या आपल्या मनाशी हसत. नदी आली. सर खाली उतरून पुन्हा सगळं बघून आले. मग पिवळ्यावर पिवळं, गुलाबीवर गुलाबी चाक ठेवत त्यांनी जीप पाण्यातून अशी काढली की बाळाराम नुसता ‘वा, वा’ करत राहिला.

पलीकडच्या काठाला चढताना ते झालं. पिवळ्या खुणेचा शेवटचा दगड चाकाखालून फिरला. सर आदल्या दिवशी त्यावर उभे राहिले होते, नाचलेसुद्धा असतील, पण माणसाच्या वजनाला तो हलला नव्हता. जीपच्या वजनाला हलला. मागचं चाक धाडकन खाली गेलं.

वहिनींनी माझं मनगट धरलं. नखं रुतली. तोंड उघडलं होतं, पण त्यातून आवाज आला नाही. पुढून सरांचा आवाज, घाबराघुबरा:

‘कुमुद! लागलं का गं?’

त्यांनी एकदा श्वास घेतला. मग नेहमीच्या चटचटीत आवाजात म्हणाल्या, ‘नाही हो. काय झालं? मला तर कळलंसुद्धा नाही.’

डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. मी पदराने पुसलं. त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं, बोलायचं नाही. मी बोलले नाही.

वर पोचल्यावर भावाने आणि गड्यांनी गादीसकट त्यांना उतरवून पडवीत आईच्या खाटेला लागून ठेवलं. म्हातारीला दिसत कमी होतं. तिने हात चाचपडत लेकीच्या तोंडावरून फिरवला आणि म्हणाली, ‘कुमे, कशी आलीस गं?’

‘गाडीतून आले आई. यांनी आणली.’

म्हातारीने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि दरवेळी वहिनींनी तेवढ्याच कौतुकाने सांगितलं, यांनी आणली. मला तिथे उभं राहवेना.

थोड्या वेळाने वहिनींनी मला जवळ बोलावलं. गाडगं दाखवलं. मी दादरा सोडला. दह्याचा पार चोथा झाला होता, वर पाणी तरंगत होतं. आमची नजरानजर झाली. ‘भात आणा कोणीतरी मऊ,’ वहिनी म्हणाल्या. ‘आईला भरवते.’ आणि ते मोडलेलं दही, पाण्यासकट, भातात कालवून त्यांनी पडल्या पडल्या आईला घास घास भरवलं. खाणं सोडलेल्या त्या म्हातारीने वाडगा संपवला. गाडगं रिकामं झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, ‘त्यांना सांगून या. सांगा, दही छान राहिलं होतं. आईने सगळं खाल्लं.’

सर अंगणात जीपखाली पाठीवर पडून शॉकअप तपासत होते. मी वाकून सांगितलं, ‘सर, दही मोडलं नाही हो. आईंनी सगळं खाल्लं.’ ते बाहेर आले. तिथेच मातीत बसले. हातांना ग्रीस लागलेलं, त्याच हातांनी तोंड झाकून ते लहान मुलासारखे रडले. बाळाराम त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

वहिनी परत खाली आल्या नाहीत. शिमग्याच्या आधी, तिथेच, आईच्या खाटेशेजारी गेल्या. सर शाळेत रजा टाकून तिथेच होते. त्या गेल्यावर काही दिवसांतच म्हातारीही गेली. सर जीप घेऊन एकटेच परत आले तेव्हा खिशात खडू नव्हते.

जीप त्यांनी विकली नाही. निवृत्त झाल्यावर ते दुपारचे बाळारामच्या गॅरेजवर जाऊन बसत. तोवर मुंबईची हौशी मुलं जीपगाड्या उंच करायला यायला लागली होती. बाळाराम त्यांना सरांकडे पाठवी. कुठले शॉकअप घेऊ, असं कोणी विचारलं की सर आधी एकच विचारत, ‘गाडीत कोण बसणार?’ मुलं एकमेकांकडे बघत. काका, आम्हीच! ‘तुम्ही नाही रे,’ सर म्हणत. ‘तुमच्याबरोबर कोण?’

मी पनवेल सोडून मुलाकडे पुण्याला जायला निघाले, त्या आधी निरोप घ्यायला गॅरेजवर गेले. सर बाकावर बसले होते, फार वाळले होते. समोर अशीच दोन मुलं. सरांनी त्यांना दह्याची युक्ती सांगितली. मुलं हसली. एकाने विचारलं, ‘काका, तुमचं दही राहिलं होतं का पण?’

‘या बाई होत्या मागे,’ सर म्हणाले. ‘त्यांना विचार.’

मी म्हटलं, ‘राहिलं होतं. अगदी घट्ट.’

मुलं गेली. सर उठले, जीपच्या सीटखालची पेटी उघडून त्यांनी आतून एक घडी केलेलं फडकं काढलं. वहिनींचा दादरा. मधोमध पिवळसर, कडक झालेला मोठा डाग. दह्याच्या पाण्याचा.

‘त्या दिवशी पडवीत पडला होता,’ सर म्हणाले. ‘ओला. आंबूस वास होता. मीच वाळत घातला.’

म्हणजे त्यांना त्या दिवसापासून माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. एवढंच विचारलं, ‘मग वहिनींना काही बोलला नाहीत?’

‘विचारलं असतं तर तिला पुन्हा एकदा खोटं बोलावं लागलं असतं, बाई. त्यालाही ताकद लागते.’

फडक्याची घडी त्यांनी होती तशी घातली. संध्याकाळ व्हायला आली होती. ‘सुखरूप जा,’ म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. गॅरेजच्या पुढे हायवेला लागताना एक गतिरोधक आहे. त्याच्यापाशी त्यांनी जीप जवळजवळ थांबवली, मान वळवून मागे रिकाम्या गाडीत पाहिलं, आणि मग एकेक चाक अलगद पलीकडे उतरवलं. मागे न्हावा शेव्याचा एक ट्रेलर खोळंबून हॉर्न वाजवत होता. सरांनी हात बाहेर काढून त्याला जरा थांबायची खूण केली.